कॅमेऱ्यापुढची मैफल आणि भोपाळची तालीम

रॉक अँड रोलचा गायक-गिटारवादक चक बेरी साठ वर्षांचा झाला तेव्हा, १९८६ च्या ऑक्टोबरात, त्याच्याच सेंट लुई शहरातल्या फॉक्स थिएटरात त्याच्या सन्मानाचा जलसा झाला. वाद्यवृंदाची जमवाजमव रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने केली होती. दिग्दर्शक टेलर हॅकफर्डने त्यावर केलेला माहितीपट पुढच्या वर्षी पडद्यावर आला. पाहुणे गायक, रोषणाई, टाळ्या हे सगळे त्यात आहेच. पण जाणकारांच्या बोलण्यात आजही येतो तो जलशाआधीच्या सरावाचा एक प्रसंग. ‘कॅरल’ या गाण्याच्या सुरुवातीचा गिटारचा तुकडा रिचर्ड्स वाजवतो आणि बेरी त्याला थांबवतो. तो पुन्हा वाजवतो, बेरी पुन्हा थांबवतो. रिचर्ड्सच्या कपाळाला आठ्या पडतात, पण तो वाजवत राहतो. हेच गाणे रोलिंग स्टोन्सच्या १९६४ च्या पहिल्याच तबकडीत आहे. म्हणजे बेरीच्या तबकड्या ऐकून हात बसलेला आणि ते गाणे वीस वर्षांहून अधिक काळ माहीत असलेला वादक समोर बसला आहे, आणि मूळ कर्ता त्याला सांगतो आहे की ही जागा अशी नाही. सन्मानासाठी काढलेल्या चित्रपटात सगळ्यांत मोलाची ठरली ती अशी दोन मिनिटांची शिकवणी.

या प्रसंगातून निघणारा प्रश्न रॉक अँड रोलपुरता नाही. एखाद्या कलेच्या थोर पुरुषाची मैफल चित्रित करून ठेवली म्हणजे ती कला जपली, असे आपण सहज धरून चालतो. या समजुतीची परीक्षा घ्यायला भोपाळइतके चांगले ठिकाण नाही, कारण तिथे वर्षभराच्या अंतराने दोन्ही गोष्टी घडल्या. १९८१ साली मध्य प्रदेश सरकारच्या उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत अकादमीने भोपाळात ध्रुपद केंद्र उघडले आणि उस्ताद झिया फरिदुद्दीन डागर यांना गुरू म्हणून बसवले. १९८२ मध्ये मणि कौल यांचा ‘ध्रुपद’ हा माहितीपट तयार झाला. त्यात हेच फरिदुद्दीन गायले आणि त्यांचे थोरले बंधू झिया मोहिउद्दीन डागर यांनी रुद्रवीणा वाजवली. माणसे तीच, गाणे तेच, काळही तोच. चाळीस वर्षांनी हिशेब मांडला तर ध्रुपद चालते ठेवले ते केंद्राने. चित्रपटाची थोरवी त्याने कमी होत नाही. त्याचे काम वेगळे होते, एवढेच.

भोपाळ हे मुळात ध्रुपदाचे गाव नव्हे. ध्रुपदाची ख्याती ग्वाल्हेरची, राजा मानसिंह तोमराच्या दरबारापासूनची. भोपाळ हे नवाब-बेगमांचे संस्थान. १९५६ साली ते नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेरसारखी जुनी सांस्कृतिक शहरे सोबत असलेल्या राज्याचे केंद्र त्याच्याकडे आले. राजधानीला स्वतःची सांस्कृतिक ओळख हवी होती. कवी आणि सनदी अधिकारी अशोक वाजपेयी यांच्या पुढाकाराने ती घडवण्याचे काम झाले. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालेले, चार्ल्स कोरिया यांनी मोठ्या तलावाच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेले भारत भवन ही त्या प्रयत्नाची डोळ्यांना दिसणारी खूण. ध्रुपद केंद्र त्यामानाने डोळ्यांत न भरणारे. डागर घराण्याची एकोणिसावी पिढी सांगणारे, उदयपूरच्या दरबारी गवयाचे चिरंजीव असलेले फरिदुद्दीन त्याआधी युरोपात शिकवत होते. त्यांना इथे बोलावून, निवडक मुलांना विद्यावेतन देऊन, वर्षानुवर्षे रोज समोर बसवायचे, एवढीच ती योजना.

ही योजना का लागली, याचे उत्तर मराठी वाचकाच्या कपाटात आहे. विष्णु नारायण भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेत ध्रुपदे आणि धमार स्वरलिपीसह छापलेले आहेत. ही पुस्तके पिढ्यान् पिढ्या वापरात आहेत. तरीही त्यांतून ध्रुपद गाणारे फारसे निपजले नाहीत. निपजले ते ख्याल गाणारे. दोष भातखंड्यांचा नाही. कागदावर बंदिश उतरते. ध्रुपदाचा, निदान डागरांच्या ध्रुपदाचा, जीव आलापात आहे. भैरवातला आणि तोडीतला कोमल रिषभ लिहिताना ‘रे’खाली सारखीच आडवी रेघ येते. गाताना मात्र भैरवातला रिषभ आंदोलन घेत उभा राहतो आणि तोडीतला त्याहून खाली, षड्जाला जवळजवळ टेकून बसतो. किती खाली, हे सांगायला खूण नाही. चुकल्यावर थांबवणारा माणूस लागतो. पहाटे उठून खरज भरायचा, मंद्रातला एकेक स्वर दमसास संपेपर्यंत लावून धरायचा, ‘रे ने तोम नोम’ अशा अक्षरांवर राग स्वरास्वराने उलगडायचा आणि चौतालाच्या बारा मात्रांत पखवाजाशी भिडायचे त्यानंतर, हा डागरवाणीचा क्रम. रिचर्ड्सला तबकडीने जे शिकवले नव्हते, तेच इथल्या मुलांना पुस्तकातून मिळणार नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की पुस्तकाला ऐकू येत नाही, चित्रपटाला येते. खरे आहे. मणि कौल यांचा चित्रपट साधा चित्रित जलसाही नव्हता. कौल स्वतः या दोन्ही भावांकडे ध्रुपद शिकले होते. या चित्रपटाआधी, १९८० मध्ये, हिंदी कवी मुक्तिबोधांच्या लेखनावर ‘सतह से उठता आदमी’ हा चित्रपट करताना मध्य प्रदेशच्या सांस्कृतिक वर्तुळाशी त्यांचा संबंध आला होता. फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या ‘ध्रुपद’मध्ये ते आलापाच्या गतीनेच कॅमेरा हलवतात. जुन्या वास्तूंच्या भिंतींवरून, खांबांमधून फिरणारी नजर शेवटी मुंबईच्या छपरांवरून सावकाश सरकत जाते आणि वीणेचा नाद त्या गर्दीच्या शहराला व्यापतो. सत्तरेक मिनिटांच्या या चित्रपटाने ध्रुपद ज्यांच्या कानी कधी पडले नसते, अशा देशोदेशींच्या प्रेक्षकांपर्यंत ते नेले. पण ही उंची चित्रपटाला आली कुठून? दिग्दर्शक गुरूसमोर बसला होता म्हणून. आलाप कुठे श्वास घेतो हे ज्याच्या अंगात मुरले आहे, तोच त्या लयीत कॅमेरा थांबवू शकतो. म्हणजे चित्रपट हेसुद्धा तालमीचेच फळ, आणि प्रेक्षकाला ते चाखता आले तरी त्यातून पुढचे झाड उगवेलच असे नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ध्रुपद मरणपंथाला लागले होते आणि भोपाळने ते वाचवले, ही कथा कोणी सांगत असेल तर ती अतिशयोक्ती आहे. दरभंग्यात मल्लिक घराणे गात होते, बेतियात परंपरा होती, बनारसला १९७५ पासून ध्रुपद मेळा भरत होता. डागर घराण्यातलेच मोइनुद्दीन आणि अमीनुद्दीन हे बंधू १९६४ मध्येच युरोप गाजवून आले होते. शिवाय सरकारने एकाच घराण्याला गादी दिल्यामुळे आज ‘ध्रुपद’ म्हटले की लोकांना संथ, दीर्घ आलापच आठवतो आणि दरभंग्याची लयकारीने सळसळणारी गायकी मागे पडते, ही तक्रारही रास्त आहे. पण नीट पाहिले तर हा आक्षेप मूळ म्हणण्याला बळच देतो. मल्लिकांचीही ध्वनिमुद्रणे होती. ज्या घराण्याला रोजच्या शिकवणीची पगारी सोय मिळाली त्याचा शिष्यवर्ग वाढला आणि ज्याला फक्त ध्वनिमुद्रण मिळाले ते ऐकणाऱ्यांपुरते राहिले. अन्याय झाला असेल तर तो तालमीच्या वाटपात झाला.

केंद्राच्या खात्यावर काय जमा झाले, तेही पाहावे. पहिल्याच तुकडीत उज्जैनचे उमाकांत आणि रमाकांत गुंदेचा आले. उज्जैनच्याच मराठी घरातले उदय भवाळकर किशोरवयात दाखल झाले आणि पुढे पुण्यात स्वतः गुरू झाले. यांतला कोणीही डागरांच्या रक्ताचा नव्हता. डागर घराण्यात याआधी बाहेरचे शिष्य झालेच नव्हते असे नाही. पण शिष्याने गुरूच्या घरी पडेल ते काम करून विद्या मिळवावी, यापेक्षा सार्वजनिक पैशाने शिष्याचे पोट आणि गुरूचा मान दोन्ही सांभाळावेत, ही व्यवस्था नवी होती. तिकडे पनवेलजवळ पळस्पे इथे झिया मोहिउद्दीन यांनी गुरुकुल उभारले. तुंबे मोठे आणि तारा जाड करून वीणेचा आवाज खोल नेणारे हे वादक १९९० मध्ये गेले आणि फरिदुद्दीन २०१३ मध्ये. २०१२ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा कनिष्ठांना आधी गौरवून ज्येष्ठता डावलल्याचे सांगत फरिदुद्दीन यांनी ती नाकारली. ज्या राज्यव्यवस्थेने त्यांना शिष्य दिले, तिच्याकडून उशिरा आलेला बिल्ला त्यांना नको होता.

तिसरा आक्षेप टाळून चालणार नाही. गुरू-शिष्याची ही जवळीक धोक्याची असू शकते. २०२० मध्ये भोपाळमधल्याच एका खासगी ध्रुपद गुरुकुलाबाबत लैंगिक छळाचे आरोप पुढे आले आणि गुरूला प्रश्न विचारायचा नाही या रिवाजावर संगीतजगतात उघड चर्चा झाली. तालमीला पर्याय नाही, म्हणून तिच्यावर देखरेखही नको, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्या शिक्षणात सगळे एका माणसावर अवलंबून असते, तिथे विद्यावेतन गुरूच्या हातून न येता संस्थेकडून यावे, निवड समितीने करावी आणि तक्रारीची वाट गुरूच्या दारातून जाऊ नये. १९८१ च्या सरकारी आराखड्यातल्या पहिल्या दोन गोष्टी अशा संरक्षणाची सुरुवात होऊ शकतात; तिसरी नव्याने घालावी लागेल.

म्हणून एखाद्या बुजुर्गाचा गौरव करायचा ठरवणाऱ्या अकादमीने खर्चाचा क्रम बदलावा. आज मोबाइलवर मैफल टिपणे फुकटात होते. महाग आहे तो चार वर्षांचा रोजचा वेळ, शिष्याचाही आणि गुरूचाही. आधी त्या वेळाचे पैसे बाजूला काढावेत आणि उरलेल्यात महोत्सव, माहितीपट, सत्कार बसवावेत. चित्रपट काढायचाच झाला, तर तो मैफिलीच्या संध्याकाळचा काढण्याऐवजी गुरू शिष्याला चौथ्यांदा थांबवतो त्या सकाळचा काढावा. पुढच्या पिढीतल्या एखाद्याला त्यातून निदान एवढे तरी कळेल, की आपल्याला कोणाकडे तरी जाऊन बसावे लागणार आहे.