आडनांवांतलें जुनें दप्तर



आपल्या ओळखीच्या मंडळींत एखादे चिटणीस, एखादे पारसनीस किंवा मुजुमदार असतातच. या नांवांनीं आपण त्यांना नित्य हाक मारतों. पण नांवाचा अर्थ विचारला तर तें धारण करणारासही तो पुष्कळदां सांगतां येत नाहीं. पेशवाई १८१८ सालीं बुडाली, तिच्या कचेऱ्या मोडल्या. परंतु त्या कचेऱ्यांचें एक दप्तर आडनांवांच्या रूपानें घरोघरीं शाबूत राहिलें आहे. तेंच आज थोडेंसें उलगडून पाहूं.

दक्षिणेंत १३४७ सालीं बहामनी राज्य स्थापन झालें. पुढें त्याचीं शकलें होऊन निजामशाही, आदिलशाही इत्यादि राज्यें उदयास आलीं. या तीनशें वर्षांत दरबाराची प्रतिष्ठित भाषा फारसी होती. गांवचा हिशेब मराठी कारकून मराठींत लिहीत असे. मात्र त्याच्या हुद्द्याचें नांव दरबाराकडून येई. फारसींत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. मराठी जिभेवर त्याचा 'नीस' झाला. जमेची बाजू लिहिणारा तो जमेनीस. 'पोतें' म्हणजे सरकारी खजिना. त्याचा हिशेब ठेवणारा पोतनीस. 'वाकिया' म्हणजे घडलेली हकीकत. ती टिपून ठेवणारा वाकनीस. पारसनीस या नांवाचें नातें परिसाशीं जोडण्याचा मोह होतो, पण तो फारसीनवीस, म्हणजे दरबाराचा फारसी पत्रव्यवहार पाहणारा. चिटणीस या शब्दांत तर 'चिठ्ठी' घरची आणि 'नीस' पाहुणा; दोघांचा संसार मात्र सुखाचा झाला.

'दार' म्हणजे धारण करणारा. 'मज्मूआ' म्हणजे एकत्र केलेला जमाव, एकंदर बेरीज. ती ज्याच्या हातीं तो मुजुमदार. बंगाल्यांतही मजुमदार आहेत. तीं घराणीं आपल्याकडून तिकडे गेलेलीं नव्हत. दोन्हीकडे कचेरीची फारसी एकच होती, म्हणून नांवही एक.

हुद्दा वंशपरंपरेनें चालला कीं त्याचेंच आडनांव होई. नाना फडणीसांचेंच उदाहरण घ्या. त्यांचें नांव बाळाजी जनार्दन, आणि घराण्याचें उपनांव भानू. परंतु फडणिशी घराण्यांत चालत आली आणि 'भानू' मागें पडलें. आज 'बाळाजी जनार्दन भानू' म्हटलें तर किती जण ओळखतील?

या फारसी शब्दांविषयीं प्रथम जाणीवपूर्वक विचार केला तो शिवछत्रपतींनीं. ६ जून १६७४ रोजीं राज्याभिषेक झाला. स्वतंत्र राज्यास स्वतंत्र परिभाषा हवी, म्हणून त्यांच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश रचला गेला. रघुनाथपंडितांच्या नांवानें तो ओळखला जातो. त्यांत दहा वर्ग असून दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. अष्टप्रधानांचींही नांवें पालटलीं. पेशवा तो पंतप्रधान, मुजुमदार तो अमात्य, सुरनीस तो सचिव, वाकनीस तो मंत्री, डबीर तो सुमंत, सरनोबत तो सेनापति.

याचें फळ काय झालें? इतिहासाचार्य राजवाडे यांनीं जुन्या पत्रांतील शब्द मोजून पाहिले. १६२८ च्या पत्रांत मराठी शब्द शेकडा पंधराहूनही कमी; १७२८ च्या पत्रांत तेच नव्वदांहून अधिक! तरीही लोकांनीं पेशव्यांस पेशवेच म्हटलें. भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंतअमात्य अशा थोड्या घराण्यांनींच नवीं नांवें टिकविलीं. म्हणजे नव्या शब्दांचा पराभव झाला काय? तसेंही नाहीं. आज देशाच्या मुख्य मंत्र्यास आपण पंतप्रधान म्हणतों. मंत्री आणि सचिव हे तर वृत्तपत्रांत रोजचे शब्द. तीनशेंहून अधिक वर्षांपूर्वीं पेरलेलें बीं असें उगवलें. कचेरींत संस्कृत शब्द नांदूं लागले, आणि कचेरींतून निघालेले फारसी शब्द घराच्या दारावरच्या पाटीवर जाऊन बसले.

या हकीकतींतून एक व्यावहारिक गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. आडनांव ऐकतांच जात ताडण्याची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. पण चिटणीस हें आडनांव कायस्थ प्रभूंत आढळतें तसें ब्राह्मणांतही आढळतें. पाटील आणि देशमुख तर किती जातींत सांपडतील याची गणतीच नाहीं. हीं नांवें जन्माचीं नव्हत, कामाचीं आहेत. एखादा पूर्वज कोणत्या बैठकीवर बसून लेखणी चालवीत होता एवढेंच तीं सांगतात. तसेंच, नांव फारसी म्हणून तें परकें मानून त्याची लाज बाळगण्याचेंही कारण नाहीं. ज्या लेखणीनें स्वराज्याचे हिशेब राखले, तिच्या धन्याला तें नांव मिळालें होतें.

म्हणून आपल्या घरीं जुनीं मोडी कागदपत्रें असतील तर तीं रद्दींत घालण्यापूर्वीं जाणत्याकडून एकदां वाचवून घ्यावीं. आपल्या आडनांवाचा पहिला धनी तेथें आपल्या हुद्द्यासह सही करून बसलेला असण्याचा संभव आहे.