डाउन हाउस
डाउन हाउस हे निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांचे इंग्लंडमधील निवासस्थान होय. ते डाउन या जुन्या खेड्यात आहे. पूर्वी केंट परगण्यात असलेले हे खेडे आता लंडनच्या ब्रॉमली विभागात मोडते. पुढे गावाच्या इंग्रजी नावाला शेवटी ‘ई’ हे अक्षर जोडले गेले; घराने मात्र जुनेच स्पेलिंग कायम ठेवले.

डार्विन १८४२ मध्ये पत्नी एमा व मुलांसह येथे राहावयास आले आणि १८८२ मध्ये मृत्यू होईपर्यंत येथेच राहिले. दीर्घकालीन आजारपणामुळे त्यांचे बाहेर जाणे कमी झाले व घर आणि बाग हीच त्यांची प्रयोगशाळा बनली. ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ (१८५९) हा ग्रंथ त्यांनी येथील अभ्यासिकेत लिहिला. काचगृहात त्यांनी ऑर्किड व कीटकभक्षी वनस्पतींवर प्रयोग केले; भुंग्यांच्या निरीक्षणात मुलेही सहभागी होत. घराजवळच्या शेतात १८४२ मध्ये पसरलेले खडूचे तुकडे २९ वर्षांनी खणून पाहिले असता सुमारे १८ सेंटिमीटर खोल आढळले. गांडुळे माती सतत वर आणतात, याचा तो पुरावा ठरला. ‘सँडवॉक’ या पायवाटेवर ते चिंतन करीत फेऱ्या मारीत.

१९२९ मध्ये हे घर संग्रहालय म्हणून खुले झाले. १९९६ पासून ते ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेकडे आहे.