एगेडी बेटांजवळची सकाळ

इ.स.पू. २४१. सिसिलीसाठी रोम आणि कार्थेज यांच्यात चाललेल्या युद्धाचे हे तेविसावे वर्ष. एरिक्सच्या डोंगरावर कार्थेजचा सेनापती हॅमिल्कार बार्का अजून तग धरून आहे. पण खालची बंदरे रोमनांनी कोंडली आहेत आणि त्याच्याकडे रसद पोचत नाही.

९ मार्च, दिवसा
कार्थेजच्या हॅनोचे आरमार हिएरा बेटाशी थांबले आहे. जहाजे धान्याने लादलेली. एरिक्सला गुपचूप पोचायचे, माल उतरवायचा, हॅमिल्कारचे कसलेले शिपाई चढवायचे आणि मगच रोमनांना भिडायचे, असा त्याचा बेत आहे. बेत चोख होता. फक्त एक दिवस कमी पडला.

९ मार्च, उशिरा
रोमन कॉन्सल कॅटुलसला सुगावा लागतो. निवडक सैनिक घेऊन तो एगूसा बेट गाठतो आणि सुकाण्यांना बजावतो: उद्या लढाई.

१० मार्च, पहाट
वारा पश्चिमेचा, जोरदार. कार्थेजच्या शिडांना अनुकूल, रोमनांच्या तोंडावर. समुद्र खवळलेला. कॅटुलस घुटमळतो. पण आज हॅनोला जाऊ दिले, तर उद्या हलकी झालेली जहाजे आणि खुद्द हॅमिल्कार समोर उभे राहतील! तो आरमार बाहेर काढतो.

सकाळ
शिडे फुगवून येणाऱ्या हॅनोला रोमनांची रांग आडवी दिसते. डोलकाठ्या उतरतात. आता सारी मदार वल्ह्यांवर, आणि घात होतो तो इथेच. जहाजे मालाने जड, वल्हेकरी कच्चे, शिपाई नवखे. रोमची सत्ता समुद्रावरून हटली असे समजून कार्थेजने आरमाराकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले होते. रोमने मात्र धनिकांच्या पैशातून २०० जहाजे बांधली, तीही ‘ऱ्होडियन’ म्हणवणाऱ्या कार्थेजच्याच हॅनिबलच्या पकडलेल्या जहाजाच्या धर्तीवर. पिढ्यान्‌पिढ्या समुद्र जगलेल्या लोकांचेच कसब त्यांच्यावर उलटले, हे वाचताना आजही जीव कळवळतो.

लढाईअखेर
कार्थेजची ५० जहाजे बुडाली, ७० पकडली गेली. वारा फिरला म्हणून उरलेली शिडे उभारून हिएराकडे निसटली.

त्यानंतर
एरिक्सवर न हरलेल्या हॅमिल्कारलाच तहाची बोलणी करावी लागली. सिसिली गेली, १० वर्षांत ३,२०० टॅलेंट चांदी देणे माथी आले. हॅनोला कार्थेजने क्रुसावर चढवले. पण आरमार कुजू देणारा हॅनो नव्हता. ते कार्थेजचे राज्यकर्ते होते.