मूल तेच, नावं बदलत गेली

आज आपण ‘एडीएचडी’चा, म्हणजे अवधान कमी आणि चंचलता जास्त या अवस्थेचा इतिहास बघणार आहोत. हे मोबाइलच्या काळातलं खूळ आहे, असं पुष्कळांना वाटतं. पण स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रिक्टन यांनी 1798 मध्येच, एका गोष्टीवर मन ठरत नाही अशा माणसांचं वर्णन केलं होतं.

पुढे 1902 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्यानं दिली. बुद्धी शाबूत, तरी स्वतःला आवर घालता येत नाही, अशी मुलं त्यांनी पाहिली होती. त्यांतली सगळीच आजच्या व्याख्येत बसणार नाहीत. पण स्टिल यांनी नाव काय दिलं? ‘नैतिक नियंत्रणातला दोष’! कारण शरीरात असावं असं ते म्हणत होते, शब्द मात्र नीतीचा राहिला.

मग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूज्वराची साथ आली. वाचलेली काही मुलं कमालीची अस्वस्थ झाली. त्यावरून उलटा तर्क निघाला: मूल अस्वस्थ आहे ना, मग मेंदूला इजा झालीच असणार. पुरावा नसला तरी ‘किंचित मेंदू-इजा’ हे लेबल चिकटू लागलं.

औषध सापडलं ते योगायोगानं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूचे एक्स-रे काढत. त्यासाठी पाठीच्या कण्यातलं पाणी काढावं लागे, आणि मुलांचं डोकं भयंकर दुखे. त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं. डोकेदुखी फारशी थांबली नाही, पण शिक्षक म्हणाले, मुलं अभ्यासाला बसायला लागली! 1937 च्या त्यांच्या निबंधात 30 मुलं आहेत, त्यांपैकी 14 जणांच्या शाळेच्या कामात ठळक फरक पडला.

अमेरिकी मनोविकार सूचीत 1968 साली भर होता चळवळेपणावर. 1980 मध्ये तो अवधानावर आला. हा बदल लहान वाटतो, पण बघा, चळवळ हीच खूण धरली तर खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी मुलगी कुणाला दिसणार? ती ‘आळशी’ ठरते.

म्हणून हा इतिहास सांगितला. आधी नीतीचा दोष, मग मेंदूची इजा, मग चळवळ, मग अवधान. प्रत्येक नावानं कुणाला तरी मदत मिळाली, आणि कुणाला तरी बोल लागला. पुढच्या वेळी ‘लक्षच देत नाही’ म्हणताना एवढं आठवा: देत नाही, की देता येत नाही?