गोव्याच्या मांडवीवरील घोडे

मांडवी म्हणजे जकातीचा नाका. गोव्याच्या नदीचे नावही या शब्दावरूनच आले असावे, असे मानतात. पोर्तुगीज येण्याच्या साडेचारशे वर्षे आधी, कदंब राजा पहिला जयकेशी याच्या अमदानीत, छडम नावाच्या एका अरब कुळातील व्यापाऱ्याला गोपकपट्टणाच्या बंदरात येणाऱ्या गलबतांवर कर घेण्याचा अधिकार मिळाला होता. परदेशी माल आणणाराच जकात वसूल करणारा झाला, हे आज चमत्कारिक वाटेल. परंतु कोणत्या मालाची खरी किंमत काय आणि कोणता नाखवा काय लपवितो, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

या बंदरात परदेशाहून येणाऱ्या मालात घोड्याला तोड नव्हती. दक्षिणेतील देशी घोडी अंगाने लहान. भीमथडीच्या तट्टांची कीर्ती पुढच्या काळातली. बहमनी, विजयनगर, विजापूर या सर्वांचे सैन्य अरबी व इराणी घोड्यांवर अवलंबून होते. हा माल मात्र मोठा नाजूक. समुद्रात मेलेल्या घोड्याची शेपटी आणून दाखविली तरी विजयनगरचा साळुव नरसिंह जिवंत घोड्याइतकेच पैसे देत असे, असे फेर्नांव नुनीझ याने लिहून ठेवले आहे. नुनीझ स्वतः घोड्यांचा व्यापारी होता. तेव्हा ही गोष्ट त्याने मोठ्या आवडीने सांगितली असणार! त्याच्या पूर्वी मार्को पोलोने दुसरी बाजू नोंदविली आहे. घोडे मरावेत आणि नवे खपावेत, म्हणून व्यापारी नालबंदांना दक्षिणेत येऊच देत नसत, असे तो म्हणतो.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकेर्कने गोवा कायमचे घेतले आणि १५१५ मध्ये होर्मुझ. घोडे चढविण्याचे बंदर आणि उतरविण्याचे बंदर अशी दोन्ही एका हाती आली. पोर्तुगिजांचा परवाना, म्हणजे 'कार्ताझ', जवळ नसलेले जहाज ते पकडीत. त्या कागदावर जहाजाचे व नाखव्याचे नाव, शस्त्रे, कोठून कोठे जाणार आणि कोणता माल नेण्यास मनाई, हे लिहिलेले असे. पूर्वी भटकळला उतरणारे घोडे आता गोव्याला उतरू लागले.

परंतु केवळ तोफांच्या धाकाने व्यापार वाढत नाही, हेही त्या राज्यकर्त्यांना कळत होते. चेझारे फेदेरिची हा व्हेनिसचा व्यापारी १५६७ च्या सुमारास गोव्याहून विजयनगरला गेला. त्याने जकातीचा नियम स्पष्ट दिला आहे. ज्या जहाजात वीस किंवा अधिक घोडे असतील, त्या जहाजावर वा त्यातील इतर कोणत्याही मालावर जकात नाही. घोडे नसतील, तर सर्व मालावर शेकडा आठ. आणि घोडा गोव्यातून बाहेर, घाटाकडे निघाला, की दर घोड्यास बेचाळीस होन.

या नियमातील हिशेब पाहण्यासारखा आहे. समजा, जहाजात दहा हजार होनांचा माल आहे. घोडे नसते तर सरकारला आठशे होन मिळाले असते. ते सरकारने सोडले; पण वीस घोडे बाहेर पडताना आठशे चाळीस होन हाती आले. आणणाऱ्याला बंदरात एक कवडीही द्यावी लागली नाही, म्हणून तो खूश. आणि बोजा पडला तो शेवटी घाटावरच्या राजाच्या खजिन्यावर, कारण एका घोड्याची किंमत तीनशेपासून हजार डुकाटांपर्यंत जात असे. फेदेरिचीच्या सोबतीच्या दोन व्यापाऱ्यांनी तीनशे घोडे नेले होते. त्यांची निर्गम जकातच बारा हजार सहाशे होन होते!

या सर्व व्यवहारात एक धोका होता. आणणारे पुष्कळ, पण भारी किमतीला घेणारे फार थोडे. १५४७ च्या तहाने तर गोव्यात उतरलेले घोडे विजयनगरलाच विकले जावेत, विजापूरला मिळू नयेत, असे ठरले. राजकारण म्हणून हा डाव उत्तम. पण व्यापार म्हणून एकाच गिऱ्हाइकावर सारी भिस्त.

जानेवारी १५६५ मध्ये ते गिऱ्हाईक तालिकोटच्या लढाईत मोडले. उरलेले राज्य तिरुमलाने हाती घेतले. त्याला घोड्यांची निकड होती. ओळखीच्या पोर्तुगीज व्यापाऱ्यांना त्याने कळविले की, युद्धात गेलेले, राजाचा डाग असलेले घोडे आणले तरी त्यांची पूर्ण किंमत देऊ आणि जाण्यायेण्यास अभय देऊ. व्यापाऱ्यांनी पुष्कळ घोडे आणले. आणखी येण्यासारखे राहिले नाहीत असे दिसताच त्याने सर्वांना निरोप दिला आणि एक होनही हातावर ठेवला नाही. हे व्यापारी दुःखाने वेडेपिसे होऊन परतले, असे फेदेरिची लिहितो.