'करावे' आणि 'केलेच पाहिजे'

श्रोतेहो, 'करावे' आणि 'केलेच पाहिजे' यांतला फरक शिक्षकमंडळींना समजावून सांगायला नको. पहिल्यात सल्ला आहे, दुसऱ्यात सक्ती. पण एवढे अंतर चालायला आपल्या देशाच्या कायद्याला जवळजवळ तीस वर्षे लागली. तीच हकीकत आज सांगायची आहे.

शाळा, दवाखाना, ग्रामपंचायतीची कचेरी, यांचे जोते बहुधा उंच असते. पावसापाण्याच्या दृष्टीने ते ठीकच. पण जो चाकाच्या खुर्चीवरून येतो, त्याने त्या चार पायऱ्या चढायच्या कशा? 'कोणीतरी उचलून नेईल की,' असे आपण म्हणतो. यात दया आहे, हक्क नाही. उचलणारा भेटला नाही, तर त्याचा अर्ज अंगणातच राहिला म्हणायचा! आणि हा प्रश्न शहरांचा, असे समजू नका बरं का. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांपैकी शंभरात सुमारे ६९ खेड्यांत राहणाऱ्या होत्या.

संसदेने १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी कायदा केला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलात आला. सार्वजनिक इमारतींना उतार, चौकांत अंधांसाठी आवाजाचे इशारे, लिफ्टमध्ये ब्रेल खुणा, हे सारे त्यात होते. पण त्याला एक शेपूट होते. सरकारने हे सर्व 'आपल्या आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत' करायचे होते. आता ही कुवत ठरवणार कोण? तर ज्याने खर्च करायचा तोच! असे देणे कधी फिटते का?

२००५ साली राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकाने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी अपंगांच्या हक्कांची सनद संमत केली आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने ती मान्य केली. त्या सनदेला अनुसरून २०१६ चा नवा कायदा झाला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. इमारतींच्या बाबतीत कुवतीची ती अट आता उरली नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत मिळाली, सेवांना दोन वर्षांची. नियम न पाळणाऱ्या नव्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, असे ठरले. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड आणि पुढे ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत. नेहमीच्या वापरातील वस्तूसुद्धा सर्वांना वापरता येतील अशा घडाव्यात, यासाठी सरकारने उपाय योजावेत, असेही त्यात आले.

मग अडले कुठे? अडले ते नियमांत. जून २०१७ मध्ये निघालेल्या नियमांपैकी पंधराव्या नियमाने मोजमापांसाठी काही मार्गदर्शक पुस्तिकांकडे बोट दाखवले, आणि त्या पुस्तिका होत्या निव्वळ सल्ल्याच्या. कायदा म्हणे 'केलेच पाहिजे', पुस्तिका म्हणे 'करावे'. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने रतुरींच्याच खटल्यात ही विसंगती दाखवून दिली. हा नियम मूळ कायद्याशी जुळत नाही, असा निर्वाळा देऊन न्यायालयाने तीन महिन्यांत सक्तीचे नियम आखण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला.

ही सक्ती कशाची, तर साध्या मोजमापाची. उताराचे माप एकास बारा. म्हणजे जोते एक हात उंच असेल, तर उतार बारा हात लांब हवा. तो चार हातांत उरकला, तर खुर्चीवाल्यासाठी ती घसरगुंडीच झाली. गुरुजी, उद्या मुलांना घेऊन आपल्या शाळेचे जोते मोजून पाहा. हिशेब त्रैराशिकाचाच आहे. उतार आखूड निघाला, किंवा मुळीच नसला, तर तेवढे ग्रामसभेत उठून सांगा. सांगताना मात्र 'करावा' म्हणू नका.