कॉन्व्हेंटची भीती

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा सेक्रेटरीबाईंचा लकडा लागला. माझे शिक्षण अवघे सातवी. पण ते सातवीलाच का थांबले याचा शोध घेताना जो इतिहास हाती लागला, तोच भगिनींपुढे ठेवते.

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढची जवळची शाळा ननांची. आमचे नाना म्हणाले, "तिथं गेली की पोर बाटलीच!" विषय तिथेच मिटला. पुष्कळ दिवस रडले.

ही भीती नानांची एकट्यांची नव्हती. मुंबईत १८३९ साली डॉ. विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि पालकांनी भराभर मुले काढून घेतली. १८४३ साली श्रीपत शेषाद्री हा कोवळा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला. कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले, पण जात त्याला घेईना! बाळशास्त्री जांभेकरांनी लोकांचा रोष पत्करून त्याच्यासाठी खटपट केली. त्या पोराच्या आईचे काय झाले असेल, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले दिसत नाही.

पुढे पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढले. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, मुली जाऊन बसत. एवढ्यावरून गहजब झाला. १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक मुली घरी नेल्या गेल्या. पण तिथल्याच पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई झाल्या. त्या काही बाटल्या नाहीत.

हे सारे प्रॉटेस्टंट पंथाचे. कॅथलिक निराळे, पण आमच्या नानांना पाद्री तेवढे सारखेच! जेझुइट पाद्र्यांनी मुंबईत १८६९ साली सेंट झेवियर्स कॉलेज काढले, तिथे हिंदू-पारशी घरांतली मुलेही शिकली. गंमत अशी की, शिस्त आणि इंग्रजी हवे म्हणून जे रांग लावत, तेच घरी येऊन धर्माची काळजी करीत.

स्वराज्यात १९५० साली घटना आली. तिच्या २८व्या कलमाप्रमाणे मान्यताप्राप्त शाळेत कोणावरही, पालकांच्या संमतीवाचून, धर्मशिक्षण किंवा उपासना लादता येत नाही. ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा हक्क दिला. म्हणजे नानांच्या भीतीवर उपाय माझ्या जन्माआधीच छापलेला होता! आम्हांला कोणी वाचून दाखवला नाही, इतकेच.

माझी मुलगी आता ननांच्याच शाळेत जाते. कॅथलिक मुली धर्माच्या तासाला बसतात, तेव्हा हिला नीतिशिक्षण असते. मंगळागौरीची गाणी तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

परवा नाना आले होते. तिची वही चाळून हळूच विचारले, "ही सिस्टर गणित बरं शिकवते का गं?"

मी चहा ठेवायला आत गेले.